खटपटीचा कोपरा : बाण हलेना!

बालदोस्तांनो, कल्याणहून सुटलेली धीमी लोकल ठाण्याला पोचेपर्यंत मध्ये किती स्टेशनं घेते, सांगा पाहू! ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. झाली सहा. दोन्ही टोकं धरून आठ. जलद गाडीवाल्यांनी आज जरा गप्प बसायचं, कारण आजचा आपला प्रवास धीम्या गाडीनंच होणार आहे.

आणि हा प्रश्न भूगोलाचा नाही बरं का. लॅपटॉपचा आहे!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा एकदम गप्प गप्प राहू लागला. एरवी पाढे म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज याचा, गोष्ट सांगायला पहिला हात याचा. आणि आता मधल्या सुट्टीतला डबासुद्धा अर्धा परत नेऊ लागला. तिसऱ्या दिवशी जवळ बसवून विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझ्यामुळे आईचा लॅपटॉप मेला."

"मेला? तो कसा काय?"

"मी टेबलावर कोकम सरबत सांडलं. मग बाण हलेना."

शाळा सुटल्यावर त्याची आई न्यायला आली, तिला विचारलं. तीही बिचारी जेरीला आलेली. ती घरी बसून तीन-चार सोसायट्यांचे हिशेब लिहून देते. पावत्या, थकबाकी, वर्षाचा ताळेबंद, सगळं त्या एका लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपच्या कळफलकाखाली जी गुळगुळीत चौकोनी पट्टी असते ना, टचपॅड, ती अजिबात दाद देईना. एका दुकानात फोन केला तर त्यांनी लॅपटॉप न बघताच नव्या टचपॅडचा भाव सांगून टाकला. नात्यातल्या एका कॉलेजकुमारानं सल्ला दिला, "काकू, फॉरमॅट मारून टाका, सगळं ठीक होईल." (ही फॉरमॅट मारणारी मंडळी घरोघरी असतात. नळ गळतो म्हणून भिंत पाडणाऱ्यांतली! फॉरमॅट मारलं की आतला मजकूर पुसला जातो, हे ते आधी सांगत नाहीत.)

"बाई, तुम्ही एकदा बघता का?" आई म्हणाली. शाळेतले लॅपटॉप सांभाळायचं काम माझ्याकडे असल्यामुळे आमच्या भागात मी उगाचच तज्ज्ञ ठरले आहे. शनिवारी दुपारी छत्री सावरत डोंबिवली पूर्वेला त्यांच्या घरी पोचले. खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला आई आणि नववीतली ताई, पलंगावर आजी, आणि आरोपी दाराच्या मागे.

मी पहिला प्रश्न विचारला, "चालत नाही म्हणजे नक्की काय होतं?"

बालदोस्तांनो, पोटात दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर लगेच गोळी देत नाहीत. कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं होतं, असं विचारतात. इथेही तसंच. बाण पडद्यावर दिसतच नाही, ही एक तक्रार. दिसतो पण हलत नाही, ही दुसरी. हलतो पण क्लिक होत नाही, ही तिसरी. आणि बेडकासारखा उड्या मारतो, ही चौथी. प्रत्येकीचं कारण वेगळं असू शकतं. आमच्या लॅपटॉपचा बाण दिसत होता, पण जागचा हलत नव्हता.

"आणि हे होण्याआधी काही वेगळं जाणवलं होतं का?"

ताई म्हणाली, "हो. पंधरा-वीस दिवस क्लिक करायला जोर लावावा लागत होता. कधी कधी बाण मध्येच अडकायचा."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, आणि तासभर वाया घालवला.

आता आपली लोकल. बोट पट्टीवर फिरलं की पडद्यावर बाण हलतो, हे आपल्याला एका क्षणात झाल्यासारखं दिसतं. खरं तर बोटाचा निरोप स्टेशनं घेत घेत जातो. कल्याण म्हणजे आपलं बोट. ठाकुर्ली म्हणजे पट्टी आणि तिच्या खालची तारांची जाळी. डोंबिवलीला एक छोटी चिप बसलेली असते, ती बोट कुठे आहे ते मोजते. कोपर म्हणजे कागदासारखी चपटी केबल, तिला रिबन केबल म्हणतात. दिवा म्हणजे लॅपटॉपचा मुख्य बोर्ड. मुंब्र्याला ड्रायव्हर. हा गाडी चालवणारा ड्रायव्हर नव्हे, ही एक आज्ञावली असते. टचपॅडची भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला समजावून सांगणारा दुभाष्याच म्हणा ना. कळव्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंग्ज, म्हणजे सिग्नल. आणि ठाणे म्हणजे पडद्यावरचा बाण.

गाडी ठाण्याला आली नाही, एवढंच आपल्याला दिसतं. कुठे अडकली ते शोधायचंय. त्यासाठी आठही स्टेशनांवर धावत सुटायची गरज नाही. दिव्याला फोन लावायचा, "गाडी तुमच्याकडून गेली का हो?" गेली म्हणाले, तर दिवा ते ठाणे शोधा. नाही म्हणाले, तर कल्याण ते दिवा. एका प्रश्नात अर्धा रस्ता बाद!

पण ठाकुर्ली-डोंबिवलीला नक्की काय चालतं, ते आधी पाहू. तीच तर खरी गंमत आहे.

पट्टीच्या गुळगुळीत आवरणाखाली बारीक वाहक रेषांची आडवी-उभी जाळी असते. त्या रेषांवर थोडासा विद्युतभार असतो. आपलं शरीर म्हणजे एक मोठी खारट पाण्याची पिशवी, आणि खारट पाण्यातून वीज वाहते. त्यामुळे बोट जवळ आलं की त्या जागी जाळीची भार साठवण्याची क्षमता किंचित बदलते. चिप सेकंदाला साधारण शंभर वेळा सगळ्या रेषा तपासते. वर्गात हजेरी घेताना तिसऱ्या रांगेतला पाचवा मुलगा उभा राहिला की बाईंना लगेच कळतं ना, तसं चिपला कळतं की अमुक आडव्या आणि अमुक उभ्या रेषेच्या फुलीवर बोट आहे. पुढच्या तपासणीत बोट शेजारच्या फुलीवर दिसलं, की ती कळवते, "सरकलं!"

म्हणजे टचपॅडला दाब कळत नाही, वीज वाहून नेणारी वस्तू कळते. घरी चालू टचपॅड असेल तर मोठ्यांना विचारून करून पाहा. प्लॅस्टिकची फूटपट्टी किंवा खोडरबर फिरवा. बाण ढिम्म! आता सालासकट केळं हातात धरून त्याचा गोलसर भाग फिरवा. बाण पळू लागेल. स्टीलच्या चमच्याची फुगीर बाजूही बहुतेक वेळा चालते. मात्र चमचा हातात उघडा धरायचा, रुमालात गुंडाळून नाही. का, ते तुम्हीच सांगा.

याच कारणामुळे पावसाळ्यात आपल्याकडे टचपॅड लहरी वागतो. बोट ओलं असलं, पट्टीवर पाण्याचा थेंब असला, की चिपला एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बोट असल्याचा भास होतो. उलट हस्तकलेच्या तासानंतर बोटावर फेविकॉलचा जाड थर वाळलेला असला, की बोट असूनही कळत नाही. हात धुवायचे, कोरडे करायचे, पट्टी मऊ कोरड्या कापडानं पुसायची. इतका सोपा उपाय करायला मोठ्या माणसांना लाज का वाटते कोण जाणे!

लॅपटॉपवर ही पट्टी पहिल्यापासून नव्हती. आधी छोटा गोळा असायचा, तो अंगठ्यानं फिरवायचा. १९९४ साली ॲपल कंपनीनं पॉवरबुक ५०० या लॅपटॉपांवर टचपॅड दिला आणि मग ती पद्धत पसरत गेली. टचपॅड बनवणारी एक नामांकित कंपनी म्हणजे सिनॅप्टिक्स. ती १९८६ साली फेडेरिको फॅजिन आणि कार्व्हर मीड यांनी काढली. हे फॅजिन म्हणजे १९७१ साली बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या रचनाकारांपैकी एक. गंमत अशी, की कंपनी काढली होती मेंदूसारख्या शिकणाऱ्या चिप बनवण्यासाठी आणि नाव झालं टचपॅडमुळे!

असो. डोंबिवलीतल्या त्या टेबलाकडे परत.

सगळ्यात आधी मी कॅप्स लॉकची कळ दाबली. तिचा छोटा दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. याचा अर्थ लॅपटॉप जिवंत आहे, अख्खा गोठलेला नाही. कॅप्स लॉकचा दिवाही हलला नसता, तर टचपॅडची चर्चा करण्यात अर्थ नव्हता. मग आधी लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा लागला असता.

मग पर्समधून माउस काढला आणि लावला. बाण सुरळीत फिरू लागला. आई एकदम म्हणाली, "अगंबाई, झालं की!" झालं नव्हतं, पण एक गोष्ट कळली. दिवा हे जंक्शन आहे, तुम्हाला माहीत आहेच. वसईकडून आणि पनवेलकडून येणारी लाइनसुद्धा तिथेच मिळते. माउस हा तसाच दुसऱ्या लाइननं दिव्याला येतो. तो ठाण्याला पोचला, म्हणजे पडदा, बाण आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठीक आहेत. आणि घरचं कामही अडणार नव्हतं. आईला मी लगेच सांगितलं, "आधी तुमचे सगळे हिशेब एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या." दुरुस्तीला हात लावण्याआधी ही नक्कल घ्यायचीच. पालकांनो, हे तुमच्यासाठी.

नक्कल झाल्यावर मी कळव्याचा सिग्नल पाहायला घेतला. कळफलकाच्या वरच्या रांगेतल्या एखाद्या कळीवर टचपॅडचं चित्र असतं, कधी त्यावर तिरकी रेघ. खालच्या कोपऱ्यातली एफएन कळ दाबून धरून ती कळ दाबली, की पुष्कळ लॅपटॉपांत टचपॅड बंद किंवा चालू होतो. मांजर कळफलकावरून चालत गेली तरी हे होऊ शकतं! ती कळ एकदा दाबून पाहिली. काही नाही. परत दाबून पूर्ववत केली.

मग सेटिंग्ज. विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबले की सेटिंग्ज उघडतात. विंडोज ११ मध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमध्ये टचपॅड सापडतो, विंडोज १० मध्ये नुसत्या डिव्हायसेसमध्ये. माउस नसेल तर टॅब, बाणांच्या कळा, एंटर आणि स्पेसबार यांच्यावर सगळं करता येतं. जमवून पाहा, मजा येते. इथे एक छुपा खड्डा आहे. माउस लावलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही, अशी एक खूण तिथे असते. ती काढलेली असली, की माउस लावल्याबरोबर टचपॅड झोपतो. म्हणून टचपॅड तपासताना माउस काढून ठेवायचा. आमच्या लॅपटॉपवर मात्र त्या पानावर टचपॅड सापडेचना!

मग मुंब्रा. विंडोजची कळ आणि एक्स दाबून नंतर एम दाबलं, की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. लॅपटॉपला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची ती हजेरीवही. टचपॅडचं नाव तिथे असेल आणि त्यावर पिवळी खूण असेल, तर बहुधा ड्रायव्हर रुसलेला. अशा वेळी ते नाव निवडून अनइन्स्टॉल करायचं आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, विंडोज ड्रायव्हर आपणहून परत बसवतं. अपडेटनंतर बिघडलं असेल तर रोल बॅक ड्रायव्हर हे बटण आधीचा ड्रायव्हर परत आणतं. पण आमच्या हजेरीवहीत टचपॅडचं नावच नव्हतं. गैरहजर!

इथे माझी चूक झाली. ड्रायव्हर उडाला असेल, असं मी धरून चालले. कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवला, बसवला, बंद-चालू केलं. मग दुसरा उतरवला. बाहेर पाऊस, आत चहाचे दोन कप. आजी म्हणाल्या, "बाई, तुम्ही दमलात. राहू द्या आता." दाराआडचा चेहरा आणखीच लहान झाला. मी एकदा चिडून अंगठ्यानं टचपॅड जोरात दाबलासुद्धा. किती मूर्खपणा होता तो, ते पुढे कळेलच.

शेवटी मला आपला दिव्याचा फोन आठवला. माझ्या पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह असतो, त्यावर लिनक्स नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लिनक्स मोफत मिळतं. आपल्या देशात सी-डॅकनं केलेली 'बॉस' हीसुद्धा लिनक्सच्याच कुळातली. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक कळ दाबली (कुठे एफ१२, कुठे एस्केप, कंपनीप्रमाणे बदलते), की तो पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. 'ट्राय' असा पर्याय निवडायचा, 'इन्स्टॉल' नाही. मग आतल्या विंडोजला आणि हिशेबांना हात न लावता लिनक्स चालतं. हे मात्र मोठं माणूस बरोबर असतानाच, बरं का!

लिनक्समध्ये स्वतःचे वेगळे ड्रायव्हर असतात. तिथे टचपॅड चालला असता, तर दोष विंडोजच्या बाजूला, दिवा ते ठाणे. तिथेही चालला नाही, तर गाडी दिव्याच्या अलीकडेच अडकलीय. मोटरमन बदलला तरी गाडी त्याच जागी उभी, म्हणजे रूळच तुटलाय.

लिनक्स उघडलं. मी पट्टीवर बोट फिरवलं. बाण हलेना.

आईचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं, कारण आता विंडोज, ड्रायव्हर, सेटिंग्ज सगळे निर्दोष सुटले होते. फॉरमॅट मारून काहीही झालं नसतं. गेला असता तो वर्षभराचा हिशेब.

"म्हणजे आत पाणीच गेलं असणार," आई हळूच म्हणाली. सगळ्यांच्या नजरा दाराकडे.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "बाई, त्याच्यावर हल्ली पेन्सिल राहत नाही."

"काय म्हणालास?"

"मी आधी त्या चौकोनावर पेन्सिल ठेवायचो. आता ठेवली की घरंगळते."

मी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बाजूनं पाहिलं. टचपॅडची पट्टी मध्यभागी किंचित वर आली होती! झाकण लावलं, तर पुढच्या कडेला फट. बोटानं हलकंच टेकलं, तर लॅपटॉप टेबलावर डुगडुगला. सपाट टेबलावर सपाट लॅपटॉप डुगडुगतो कसा? ताई सांगत होती ते आता माझ्या डोक्यात शिरलं. क्लिक घट्ट का झालं होतं? कारण खालून काहीतरी वर ढकलत होतं.

बॅटरी फुगली होती.

पुष्कळ लॅपटॉपांत बॅटरी बरोबर टचपॅडच्या खाली किंवा शेजारी असते. लिथियम-आयन बॅटरी म्हणजे धातूंचे पातळ पत्रे आणि एक रासायनिक द्रव, हवाबंद पाकिटात बसवलेले. बॅटरी जुनी झाली, फार तापली, किंवा महिनोन्‌महिने पूर्ण भरलेल्या अवस्थेत चार्जरला लटकत राहिली, की त्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो. पाकीट बंद, वायूला बाहेर जायला वाट नाही, मग ते तेलातल्या पुरीसारखं फुगतं. या घरात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लॅपटॉप दिवसरात्र चार्जिंगला असायचा. सहा वर्षं!

बालदोस्तांनो, आणि पालकांनो, इथे थट्टा बाजूला. फुगलेली बॅटरी दाबली, वाकवली, टोचली, तर आतले पत्रे एकमेकांना भिडून ती पेट घेऊ शकते, आणि तिचा धूर विषारी असतो. म्हणून तसा लॅपटॉप लगेच बंद करायचा, चार्जर काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही. वर आलेला भाग दाबून बसवायचा नाही. हवा काढायला सुई टोचणं हा तर जीवघेणा वेडेपणा. गादीवर, कपड्यांच्या कपाटात, उन्हात ठेवायचा नाही. पेटू शकेल असं काही जवळ नसेल, अशा जागी लादीवर ठेवायचा आणि होईल तितक्या लवकर दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा. धूर दिसला तर सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. निघालेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, कारण कचऱ्याच्या गाडीत ती चिरडली जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती कंपनीच्या केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

आणि मी अंगठ्यानं ज्याला दाबलं होतं, ते हेच! आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

सोमवारी आई लॅपटॉप घेऊन दुकानात गेली. फोनवर भाव सांगणारं दुकान सोडून दुसऱ्या. तिथल्या कारागिरानं उघडून दाखवलं. बॅटरीच्या तीन कप्प्यांपैकी दोन टम्म. त्यांच्या दाबानं टचपॅडची रिबन केबल आपल्या खोबणीतून तिरकी सरकली होती. म्हणजे गाडी कोपरलाच थांबलेली! बॅटरी बदलली, केबल परत बसवली, पट्टी आपोआप सपाट झाली. नवा टचपॅड लागलाच नाही. शिवाय लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय होती, तीही त्यानं चालू करून दिली. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती आहे का, ते पालकांनी एकदा पाहून घ्यावं.

आता तुमच्या पत्रांतल्या दोन-तीन तक्रारी झटपट उरकते. ठाण्याच्या नौपाड्यातला एक वाचक लिहितो, की चार्जर लावला की बाण थरथरतो, काढला की शहाण्यासारखा वागतो. अरे, तू स्वतःच निम्मा शोध लावलास! जुन्या इमारतीत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची तार नीट जोडलेली नसते. मग चार्जरमधली विजेची खळबळ जमिनीत न जाता लॅपटॉपभर फिरते आणि चिपचं मोजमाप चुकतं. चार्जर दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या घरी लावून बघ. तिथे नीट चालला तर बाबांना सांगून इलेक्ट्रिशियनला बोलाव. स्वतः सॉकेट उघडायचं नाही!

कल्याणच्या एका मुलाचा खेळ अडतो. डाव्या हातानं कळा दाबून धरल्या की टचपॅड बंद पडतो. हा बिघाड नाहीच. टाइप करताना तळहात चुकून पट्टीला लागतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम कळा दाबल्या जात असताना टचपॅडकडे मुद्दाम दुर्लक्ष करते. सेटिंग्जमध्ये संवेदनशीलता वाढवता येते. लिनक्सच्या काही प्रकारांत ही सोय थेट बंदही करता येते. नाहीतर माउस लाव. (नाहीतर खेळ थोडा कमी कर, पण ते तू ऐकणार नाहीस.)

आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर ज्या ताईनं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवलं, तिचा टचपॅड झाकण मिटून उघडलं की झोपून राहतो. लॅपटॉप झोपेतून उठला, पण ड्रायव्हर उठला नाही, असं ते होतं. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला की बहुधा जागा होतो. दर वेळी होत असेल तर सिस्टिम अद्ययावत करून घे. लिनक्सच्या गाभ्यातच ड्रायव्हर असतात, तो गाभा नवा आला की असे दोष पुष्कळदा जातात.

मंगळवारी सकाळी प्रार्थना संपायच्या आत आमचा आरोपी माझ्या टेबलाशी हजर. "बाई, बाण हलतो!" मी म्हटलं, "आणि कारागीरकाका म्हणाले, आत सरबताचा टिपूससुद्धा नव्हता. तुझा काही दोष नव्हता बघ."

तो जागेकडे जायला निघाला. मग मध्येच थांबला, मागे वळला आणि म्हणाला, "पण बाई, सरबत मीच सांडलं होतं हं."